उभारणीचे दाम की कामाचे?
ऊर्जा-अनुदानांच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठी मुलखाच्या जुन्या महसुली दप्तरांत इस्तावा नावाची एक व्यवस्था वारंवार आढळते. परचक्राने उजाड झालेली किंवा झाडझाडोऱ्याखाली गेलेली जमीन जो कोणी लागवडीस आणील त्याच्याकडून पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यावयाचा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, तिसऱ्या वर्षी त्याहून अधिक, आणि अशा चढत्या क्रमाने काही वर्षांत त्या जमिनीस गावच्या दराची पूर्ण आकारणी लागू करावयाची, असा तो कौल असे. त्याच सरकारातून बी-बियाणे, बैल आणि विहिरी यांकरिता तगाईही मिळे. इंग्रजी अमदानीत तिला १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी छापील कलमांचे रूप आले, आणि मामलेदार कचेरीच्या ओसरीवर तगाईच्या अर्जासाठी तिष्ठत बसलेला कुणबी हे दृश्य स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे दिसत राहिले. सरकारने आजच्या वसुलीवर पाणी सोडून उद्याच्या उत्पन्नावर भरवसा ठेवावा, ही कल्पना म्हणूनच आपल्याला परकी नाही. मात्र इस्ताव्यात असे दोन गुण होते की जे पुढच्या काळातील पुष्कळ सरकारी योजनांत शोधूनही सापडत नाहीत : सवलत कधी संपणार हे ती घेणाऱ्यास पहिल्याच दिवशी ठाऊक असे, आणि ती जमीन नावावर चढविल्याबद्दल नव्हे, तर नांगरल्याबद्दल मिळे.

स्वच्छ ऊर्जा आणि ऊर्जेची काटकसर यांकरिता गेल्या साडेचार दशकांत केंद्र सरकारने व महाराष्ट्र सरकारने ज्या अनुदानांचा, करसवलतींचा, कर्जांचा आणि बक्षिसांचा वर्षाव केला त्यांचा परामर्श पुढील प्रकरणांत योजनावार घेतला आहे. तो वाचण्यापूर्वी वाचकाने एकच प्रश्न मनाशी धरावा अशी माझी विनंती आहे. सरकार पैसे नेमके कशाचे देते आहे, उभारलेल्या वस्तूचे की त्या वस्तूने केलेल्या कामाचे? हा प्रश्न दिसावयास हिशेबनिसाचा आहे. परंतु गोबरगॅसच्या गंजलेल्या टाकीपासून साताऱ्याच्या पठारावरील पवनचक्क्यांपर्यंत आणि मंगळवेढ्याच्या वीजपंपापासून शहरातल्या गच्चीवरील सौरपटलापर्यंत जे जे यशस्वी झाले वा फसले, त्याच्या कारणांचा शोध घेऊ लागले म्हणजे पाऊल पुन्हा पुन्हा याच प्रश्नाशी येऊन थबकते.

या कथेचा आरंभ १९७३ च्या तेलटंचाईपासून करण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. अरब-इस्रायल युद्धानंतरच्या काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरांवरून १२ डॉलरांच्या घरात गेला. १९७९ साली इराणमधील क्रांतीनंतर त्याने पुन्हा उसळी घेतली, आणि आयात तेलावर विसंबलेल्या देशाच्या परकीय चलनाला लागलेली गळती पाहून दिल्लीस प्रथमच सूर्य, वारा आणि शेण यांची प्रशासकीय आठवण झाली. मार्च १९८१ मध्ये ऊर्जेच्या अतिरिक्त साधनांसाठी एक आयोग नेमला गेला, १९८२ साली अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग निघाला, १९८७ साली या कामांना कर्ज देण्यासाठी ‘इरेडा’ ही वित्तसंस्था स्थापन झाली, आणि १९९२ साली त्या विभागाचे स्वतंत्र मंत्रालय झाले. महाराष्ट्राने १९८५ साली ‘महाऊर्जा’ या संस्थेची नोंदणी करून या प्रवाहात प्रवेश केला. एवढी वंशावळ पुरे. कारण खात्यांच्या नामांतरांत रमणारा इतिहासकार सहसा योजनेच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

त्या दाराशी पहिल्यांदा जी वस्तू उभी राहिली ती गोबरगॅसची होती, आणि तिच्याशी आपला संबंध कोणत्याही अनुदानाहून जुना आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रयस्थानात मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर १८९७ साली दिवे लावले गेले होते. पुढे जशभाई पटेलांनी १९५१ साली तरंगत्या टाकीचे संयंत्र सिद्ध केले, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने साठीच्या दशकात ते खेड्यापाड्यांत नेले. इकडे देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी गावच्या संडासांशी वायुसंयंत्राची सांगड घालून आरोग्याचा आणि इंधनाचा प्रश्न एकाच खड्ड्यात सोडविण्याचा उद्योग वर्षानुवर्षे केला. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला तेव्हा सरकारच्या हाती, अशा रीतीने, एक परखलेली वस्तू होती. अनुदान ठरले, उद्दिष्टे जिल्ह्याजिल्ह्यांना वाटून दिली गेली, गवंड्यांना शिकविले गेले, आणि पंचायत समित्यांच्या भिंतींवर आकडे चढू लागले. सर्वाधिक संयंत्रे बांधणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र अग्रभागी राहिला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि ती खरीही आहे.

पण बांधणे निराळे आणि चालविणे निराळे. दोन घनमीटरच्या लहान संयंत्रास दररोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. म्हणजे चार-पाच जनावरे दावणीला हवीत आणि ती वर्षभर हवीत. दुष्काळी तालुक्यांत उन्हाळा आला की जनावरे छावणीत जातात किंवा बाजारात जातात, पाणी टँकरने येते, आणि खड्ड्यातला काला वाळून पापुद्रे धरतो. लोखंडी टाकी गंजते, तिला भोके पडतात, आणि ती दुरुस्त करावयाचा खर्च ज्याच्या अंगावर पडतो त्याला पहिल्या दिवशी मिळालेल्या अनुदानाची आठवण सुखाची राहत नाही. १९८४ साली निघालेल्या ‘दीनबंधू’ या पक्क्या घुमटाच्या, स्वस्त नमुन्याने लोखंडाचा प्रश्न बराचसा सोडविला. परंतु शेणाचा, पाण्याचा आणि रोज सकाळी काला कालविणाऱ्या बाईच्या श्रमांचा प्रश्न कोणत्याही घुमटाने सुटणारा नव्हता. अनुदान संयंत्र पुरे झाल्याच्या दाखल्यावर मिळत असे. ते पाच वर्षांनी पेटते आहे की नाही, यावर कोणाचीही पगारवाढ, कोणाचीही बढती वा कोणाचीही मंजुरी अवलंबून नव्हती. म्हणून दप्तरात संयंत्रांची संख्या वाढत गेली आणि गावात त्यांतील काहींच्या टाक्यांत कोंबड्या डालल्या गेल्या. निर्धूर चुलींची हकीकत याहून खेदकारक आहे. १९८३ पासून २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक सुधारित चुली बसविल्या गेल्या; चूल बसविली की मोजदाद पुरी होई, आणि धुराडे काजळीने तुंबून घरधनिणीने ती महिन्यातच पहारीने उकरून टाकली असली तरी मोजदादीतून वजाबाकी होत नसे.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. जी संयंत्रे चालली त्यांनी काय केले याचा कोणी नीट ताळेबंद मांडलेला नाही. कोल्हापूर-सांगलीकडील दुभत्या गावांत, जेथे पाणी आहे, गोठा आहे आणि शेणकाल्याच्या खताची किंमत शेतकऱ्यास कळते, तेथे निळ्या ज्योतीवरच्या चहाने एका पिढीचे डोळे धुरापासून वाचविले आहेत. जेथे वायूइतकेच महत्त्व खताला आले तेथे मालकाने टाकीची डागडुजी स्वतःच्या खिशातून केली. अनुदानाने त्याला केवळ प्रारंभ करून दिला. पुढचे काम त्याच्या स्वार्थाने केले, आणि स्वार्थ हा कोणत्याही निरीक्षकापेक्षा अधिक नियमित भेट देणारा गृहस्थ आहे.

वाऱ्याकडे वळले म्हणजे हाच प्रश्न मोठ्या रकमांच्या वेषात समोर येतो. कोकणात देवगडच्या किनाऱ्यावर प्रात्यक्षिक म्हणून काही पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. परंतु महाराष्ट्रातील वाऱ्याचा खरा हंगाम सुरू झाला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या पठारावर. कोयनेच्या खोऱ्याकडे झुकलेल्या त्या माळावर, जेथे नाचणी-वरीखेरीज फारसे काही पिकत नव्हते, तेथे बघता बघता पात्यांचे रान उगवले. हे रान वाऱ्याने जितके उगविले तितकेच ते आयकराच्या कायद्याने उगविले. यंत्रसामग्रीची किंमत घसारा म्हणून नफ्यातून हळूहळू, वर्षानुवर्षे वजा होत जाते हा सर्वसाधारण नियम. पवनचक्कीला मात्र तिच्या किमतीची शंभर टक्के रक्कम पहिल्याच वर्षी वजा करण्याची मुभा मिळाली होती, आणि पुढे ती कमी केली गेली तेव्हाही ८० टक्क्यांवर ठेवली गेली. त्यात राज्याची विक्रीकरातील सवलत मिळाली. ज्या उद्योगपतीचा नफा मोठा आणि करही मोठा, त्याला मार्च महिन्याच्या अखेरीपूर्वी एखादी पवनचक्की उभी करणे हा वाऱ्याचा व्यवसाय नसून कराचा व्यवसाय होता. पाती फिरली तर उत्तम; न फिरली तरी वजावट पदरात पडलेलीच होती. मग जागा निवडताना वाऱ्याच्या मोजमापाइतकेच महत्त्व ३१ मार्च या तारखेला आले, यात नवल ते कोणते?

आपणच या मोहात सापडलो असे नव्हे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या अल्टामाँट खिंडीत याच प्रकारचे रान उगवले होते. तेथेही गुंतवणुकीवर करसवलत होती, तेथेही कच्ची यंत्रे घाईने उभारली गेली, त्यांतील कित्येक मोडली, आणि १९८५ च्या अखेरीस केंद्रीय सवलत संपताच उभारणीचा वेग कोसळला. त्या अनुभवावरून शहाणे होऊन अमेरिकेने १९९२ च्या कायद्यात सवलत यंत्रावरून काढून विजेच्या युनिटवर ठेवली. जर्मनीने २००० साली केलेल्या कायद्याची रीत आपल्या इस्ताव्याच्या फार जवळ जाणारी आहे. वीज उत्पन्न करणाऱ्यास वीस वर्षे ठरावीक दर मिळेल, पण सौरसंयंत्र जितके उशिरा उभारावे तितका तो दर दरसाल सुमारे पाच टक्क्यांनी उतरलेला असेल, असे त्या कायद्याने आगाऊ जाहीर केले. सूट किती, कोणाला आणि कोठवर, हे सर्व पहिल्याच पानावर छापलेले. तो क्रम पुढे बदलला, दर अपेक्षेहून वेगाने खाली आणावे लागले, आणि त्या खर्चाचा भार वीजबिलांतून सामान्य जर्मन कुटुंबावर पडला, हेही खरे. पण पैसा कामाचा दिला गेला, वस्तूचा नव्हे.

भारतात असा बदल व्हावयास डिसेंबर २००९ उजाडावा लागला. त्या वेळी घसाऱ्याची सवलत न घेणाऱ्या वीजउत्पादकास प्रत्येक युनिटमागे ५० पैसे, मेगावॉटमागे ६२ लाख रुपयांच्या मर्यादेपर्यंत, देण्याची योजना निघाली. घसारा घ्यावा की युनिटमागचे पैसे घ्यावेत याची निवड गुंतवणूकदारावर सोपविली होती. प्रथमच वाऱ्यावर जगणाऱ्या, अन्य नफा नसलेल्या कंपन्यांना या धंद्यात पाय ठेवता आला, कारण कर चुकविण्याइतका कर त्यांना मुळात होताच कोठे? परंतु रोपटे मूळ धरते न धरते तोच, एप्रिल २०१२ पासून घसाऱ्याची सवलत आणि युनिटमागचे अनुदान ही दोन्ही एकाच वेळी थांबली. परिणाम आकड्यांत पाहावा : २०११-१२ या वर्षी देशात सुमारे ३२०० मेगावॉटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या, पुढच्या वर्षी त्या सुमारे १७०० मेगावॉटवर आल्या. मागाहून युनिटमागचे अनुदान परत आले, २०१४ साली घसाराही परत आला, आणि पुढे त्याचीही धार कमी केली गेली. सवलत बंद झाली याबद्दल माझी तक्रार नाही. कोणतीही सवलत केव्हा तरी बंद व्हावयासच हवी. तक्रार आहे ती तिच्या जाण्यायेण्याच्या रीतीबद्दल. ज्या धंद्यात जमीन मिळविण्यास, रस्ता काढण्यास व वीजवाहिनी ओढण्यास दोन-दोन वर्षे लागतात, त्याला अंदाजपत्रकाच्या एका सकाळी कळावे की आजपासून हिशेब पालटला, ही राज्यकारभाराची रीत नव्हे. जुन्या कमाविसदारानेही असा कौल मोडण्यापूर्वी दोनदा विचार केला असता.

हा सर्व पैसा येतो कोठून, हे विचारणे आपल्याकडे फारसे शिष्टसंमत नाही. तरीही विचारले पाहिजे. २०१० साली केंद्राने दगडी कोळशावर टनामागे ५० रुपयांचा उपकर बसविला आणि त्यातून स्वच्छ ऊर्जेचा एक राष्ट्रीय निधी उभारण्याचे जाहीर केले. जो धूर करतो त्याने उजेडाचा खर्च सोसावा, हे तत्त्व इतके सरळ होते की त्याचा प्रतिवाद करणे कठीण. उपकर वाढत वाढत २०१६ पर्यंत टनाला ४०० रुपये झाला. २०१७-१८ पर्यंत या मार्गाने सुमारे ८६,४०० कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी निधीत वर्ग झाले ते सुमारे २९,६०० कोटी, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांवर लागले ते सुमारे १५,९०० कोटी. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा कोळशाचा उपकर राज्यांच्या महसुली नुकसानीची भरपाई करण्याकडे वळविला गेला. एका नावाने वसूल केलेली रक्कम दुसऱ्या खाती खर्ची पडली, म्हणजे काही अफरातफर झाली असे नव्हे. संसदेच्या संमतीने जे झाले त्याला अफरातफर म्हणता येत नाही. परंतु ज्या निधीच्या नावाने कर घेतला त्याच्या वाट्याला पाचव्या हिश्शाहूनही कमी रक्कम कामाच्या रूपाने आली, ही गोष्ट अनुदानांच्या उदारपणाविषयी बोलताना विसरून चालणार नाही.

याच्या उलट, सरकारने जवळजवळ काहीच न देता घडवून आणलेले एक काम आहे, आणि मला ते या सर्व प्रकरणातले सर्वांत बोधप्रद वाटते. एलईडी दिव्यांची गोष्ट घ्या. या शतकाच्या पहिल्या दशकात नाशकात महावितरणने कमी विजेवर चालणाऱ्या सीएफएल दिव्यांचे वाटप करून पाहिले होते, तेव्हाच हे ध्यानात आले होते की गरीब ग्राहक काटकसरीचा दिवा घेत नाही तो अज्ञानामुळे नव्हे, तर त्याची आरंभीची किंमत त्याला एकदम पेलत नाही म्हणून. एलईडीच्या बाबतीत केंद्राच्या ‘ईईएसएल’ या कंपनीने निराळा मार्ग धरला. तिने दिव्यावर अनुदान दिले नाही. तिने लाखो दिव्यांची एकत्र मागणी नोंदवून कारखानदारांकडून निविदा मागविल्या, आणि ग्राहकाला दिव्याची किंमत वीजबिलातून हप्त्यांनी फेडण्याची सोय दिली. पुदुच्चेरीत आरंभ झाला, जानेवारी २०१५ मध्ये ती देशव्यापी योजना झाली आणि पुढे ‘उजाला’ या नावाने ओळखली गेली. २०१४ च्या प्रारंभी जो दिवा घाऊक खरेदीत सुमारे ३१० रुपयांस पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. छत्तीस कोटींहून अधिक दिवे या मार्गाने घरोघर गेले. एलईडीच्या किमती त्या काळात जगभरच उतरत होत्या, तेव्हा सारे श्रेय एका योजनेस देणे हा भाटगिरीचा प्रकार होईल. तथापि इतक्या झपाट्याने आणि इतक्या खालच्या थरापर्यंत ती घसरण पोहोचली याचे कारण घाऊक खरेदीतच आहे, यात मला शंका वाटत नाही. आणि येथे देखरेखीची गरजच उरली नाही. दिवा लागतो की नाही हे पाहावयास निरीक्षक नको. अंधार झाला म्हणजे तो आपोआप तपासला जातो.

काटकसरीच्या दुसऱ्या दोन योजनांचा येथे केवळ उल्लेख करतो. २००१ च्या ऊर्जासंवर्धन कायद्याने ऊर्जादक्षता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ पासून शीतपेट्या, वातानुकूलन यंत्रे इत्यादींवर तारांकने लागू लागली. तसेच २०१२ पासून सिमेंट, पोलाद, खते अशा आठ उद्योगांतील ४७८ मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीची लक्ष्ये ठरवून देण्यात आली, आणि लक्ष्याहून अधिक बचत करणाऱ्यास ती इतरांना विकण्याची मुभा मिळाली. पहिल्या तीन वर्षांत ठरल्याहून अधिक बचत झाली. टीकाकार म्हणतात की लक्ष्येच सोपी होती. त्या वादाला पुढे स्वतंत्र प्रकरण आहे.

आता जेथे महाराष्ट्राचा खरा हिशेब अडतो त्या विहिरीवरील पंपाकडे येऊ. मंगळवेढे हे ज्वारीचे कोठार. शिवाय ते दामाजीपंतांचे गाव. बिदरच्या सुलतानाचे सरकारी कोठार दुष्काळात लोकांस लुटविणाऱ्या त्या अंमलदाराची कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते, आणि तिच्या अखेरीस साक्षात विठ्ठल रूप पालटून दरबारात धान्याची किंमत भरतो हेही त्याला ठाऊक असते. याच मंगळवेढे भागात काही वर्षांपूर्वी शेतीपंपांच्या ऊर्जाबचतीचा देशातील पहिला प्रयोग झाला. सुमारे २२०० जुने, वीज खाणारे पंप काढून त्यांच्या जागी तारांकित पंप शेतकऱ्यांस विनामूल्य बसवून देण्यात आले. वीज वाचली. पण ती कोणाची वाचली? ज्याच्या पंपाला मीटरच नाही, ज्याचे बिल अश्वशक्तीवर ठरते आणि तेही थकबाकीत पडून राहते, त्याला पंप पाच ताऱ्यांचा असो वा बिनताऱ्यांचा, घरच्या जमाखर्चात काहीच फरक पडत नाही. उलट, भरवशाच्या स्थानिक वायरमनने भरून दिलेली जुनी मोटार कमी-जास्त दाबाच्या विजेवरही चालते. नवी नाजूक मोटार जळाली तर पाळी हुकते आणि उसाचे पाचट होते. बचतीचा लाभ मिळतो तो वीजकंपनीला, आणि पर्यायाने खजिन्याला. म्हणजे ज्याने खर्च वाचवावयाचा त्याला लाभ नाही व ज्याला लाभ आहे त्याच्या हाती पंपाची कळ नाही.

हा गुंता जुना आहे. २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज फुकट करण्यात आली, आणि वर्ष उलटते न उलटते तोच ती सवलत मागे घ्यावी लागली. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल पुन्हा माफ झाले. लाभार्थी शेतकऱ्यांची संख्या सुमारे ४४ लाख सांगण्यात आली. माफीमागची कणव खोटी नाही. ज्याच्या मालाचा भाव दुसरेच कोणी ठरवितात, ज्याला वीज रात्री दोन वाजता मिळते आणि दारे धरताना ज्याच्या पायाखाली साप येतो, त्याच्याकडून पूर्ण दराने वसुली करण्याचा हुकूम काढणे शहरात बसून सोपे आहे. परंतु कोठार उघडणाऱ्या प्रत्येक अंमलदाराची किंमत भरावयास विठ्ठल येत नाही. ती भरतो कारखानदार चढ्या दराने, भरतो दुकानदार, आणि उरलेली भरते राज्याचे अंदाजपत्रक, ज्यातून शाळा व दवाखानेही चालावयाचे असतात.

२०१७ साली निघालेली आणि २०२३ साली नव्या स्वरूपात आलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला या गुंत्यातून काढलेली सर्वांत हुशार वाट वाटते. तिने शेतकऱ्यास पंप दिला नाही, पटलेही दिली नाहीत. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथून आरंभ झालेल्या या योजनेत उपकेंद्राच्या आसपासच्या जमिनीवर सौरप्रकल्प उभारून शेतीची संपूर्ण वाहिनीच दिवसा सूर्यावर चालवावयाची, अशी कल्पना आहे. खाजगी जमीन भाड्याने घ्यावयाची झाल्यास हेक्टरी वार्षिक किमान सव्वा लाख रुपये व दरसाल तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षे प्रतिवर्षी पाच लाख. सौरवीज पडते युनिटला तीन रुपयांच्या आसपास, म्हणजे दूरच्या औष्णिक केंद्रातून आणलेल्या विजेहून पुष्कळ स्वस्त. प्रकल्पवाल्यास मूळ पैसा मिळतो तो वाहिनीत सोडलेल्या युनिटचा. पटले धुळीने माखली तर नुकसान त्याचे, म्हणून ती धुण्याची चिंताही त्याचीच. शेतकऱ्यास फुकट वा स्वस्त वीज मिळतेच, पण ती दिवसा मिळते, आणि दिवसाची वीज ही त्याची मागणी माफीच्या मागणीइतकीच जुनी होती.

या योजनेलाही एक अवघड कोपरा आहे. गायरान जमिनी प्रकल्पांस नाममात्र भाड्याने देण्याची तरतूद झाल्यावर, ज्यांच्या शेळ्यामेंढ्या त्या गायरानावर पिढ्यान् पिढ्या चरत आल्या त्यांचा हक्क सातबाऱ्यावर नसल्याने तो हिशेबातही आला नाही. दप्तराच्या दृष्टीने ती जमीन रिकामी होती. धनगराच्या दृष्टीने नव्हती.

वेगळ्या सौरपंपांची वाट, म्हणजे २०१९ पासूनची ‘कुसुम’ आणि महाराष्ट्रातली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना, शेतकऱ्यांत अधिक लोकप्रिय आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. कोटेशन भरून वर्षानुवर्षे खांबाची वाट पाहणाऱ्यास किमतीच्या दहा टक्क्यांत, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास पाच टक्क्यांत, स्वतःचा पंप मिळतो. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत पाचचा, त्यावर साडेसातचा. डीपी जळण्याची धास्ती संपते. मात्र येथे सरकार पुन्हा वस्तूचे दाम देते आहे. पंप वर्षातले जितके दिवस पाण्यासाठी लागत नाही तितके दिवस त्याची वीज कोणाच्याच कामी न येता वाया जाते, आणि जितके दिवस लागतो तितके दिवस विहिरीचा तळ गाठण्यास त्याला कोणतीही किंमत आडवी येत नाही. ज्या तालुक्यांत बोअर सहाशे फुटांवर गेली आहे तेथे या सोयीचा जमाखर्च पाण्याच्या वहीत मांडावा लागेल, विजेच्या नव्हे.

शेवटी गच्ची. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद करून एक कोटी घरांवर सौरपटले बसविण्याची योजना जाहीर केली : पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि एकूण ७८,००० हून अधिक नाही. येथेही अनुदान किलोवॉटवर आहे, युनिटवर नाही; तरीसुद्धा गोबरगॅसची गत येथे सहसा होणार नाही असे मला वाटते, कारण उलटसुलट मोजणाऱ्या मीटरमुळे घरमालकाला आपल्या पटलाने काय केले ते दर महिन्याच्या बिलात दिसते, आणि गच्चीवर टाकी धुवायला जाणारा माणूस त्याच फडक्याने पटलेही पुसतो. माझी शंका दुसरीकडे आहे. अनुदान बसवून झाल्यावर खात्यात जमा होते, म्हणजे आधी पैसा किंवा कर्ज हाती असावे लागते; आणि त्याहून आधी, स्वतःची गच्ची असावी लागते. गृहनिर्माण संस्थांसाठी सामाईक जिना, लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांच्या विजेपुरती किलोवॉटला १८,००० रुपयांची वेगळी तरतूद आहे, पण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत एकमत होणे ही गोष्ट सूर्योदयाइतकी नियमित नाही. गिरणगावातल्या चाळीत एका खोलीत राहणारे कुटुंब, पुण्यात भाड्याने राहणारा कारकून, पिंपरीच्या पत्र्याच्या घरातला कामगार, यांच्या डोक्यावरचे छप्पर त्यांच्या नावावर नाही. विजेचे बिल मात्र त्यांच्याच नावावर येते. दूरच्या एखाद्या सामाईक प्रकल्पातला हिस्सा त्यांच्या बिलात वळता करून देण्याची पद्धत काही ठिकाणी अमलात येऊ लागली आहे. ती महाराष्ट्रात कोणत्या नियमांनी, कोणत्या मीटरावर आणि कोणाच्या खर्चाने चालू शकेल, येथपासून पहिल्या प्रकरणाचा आरंभ होतो.